व्यवसाय: घरकाम

नमुना क्रमांक एकशे बारा.
पायावरच्या फोडातलं पाणी, काळपट, सिरिंजमध्ये दोन मिली.
हमिदाबी होडेकर, वय एकोणसाठ, पूर्णगड.
मधुमेह आहे. ताप एकशे तीन.
व्यवसाय: घरकाम.
फॉर्मच्या कोपऱ्यात वॉर्डातल्या चहाचा गोल डाग.

काचपट्टीवर थेंब, ज्योतीवरून तीनदा.
जांभळा रंग, आयोडीन, स्पिरिट, मग तांबडा.
सोळा वर्षं हेच रंग बेसिनमध्ये ओततोय,
नखांतून जात नाहीत,
पंगतीत शेजारचा माझा हात बघून जरा सरकून बसतो.

भिंगाखाली गुलाबी काड्या. पुष्कळ.
बऱ्याचशा किंचित वाकलेल्या.
पुस्तक म्हणतं, स्वल्पविरामासारख्या.
मला दिसला खळ्यात सुकत घातलेला जवळा.

सकाळी ताटली भरून उगवला होता.
पट्टीवर घासला, दहा सेकंदांत जांभळी झाली पट्टी.
म्हणजे रोजचे पाहुणे बाद,
लघवीच्या बाटल्यांतून येणारे, नावानिशी ओळखीचे.
स्यूडोमोनास म्हणावा, तर तो हिरवा
आणि खोलीभर वास सोडतो. हा मुका.
द्रावणात घोळून तार उचलली,
तर मागोमाग लांब तंतू आला,
लाडवांसाठी गुळाचा पाक बघतात ना, तसा.
पण साखरेच्या नळ्या ढिम्म.
ताटलीवर इतका मातलेला,
नळीत मात्र उपाशी, रुसल्यासारखा.

मोठं मशीन आमच्याकडे नाही.
आमच्याकडे डॉक्टर आठल्ये आहेत.
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या,
"ही बाई करते काय?"
"घरकाम, मॅडम. लिहिलंय."
"ते सगळ्याच करतात. आणखी काय?"

वॉर्डात फोन लावला.
सुर्वे सिस्टरने लेकीला विचारलं,
पलीकडून लेकीचाच आवाज आला, घाबरा:
"सुकतीला खाडीत जाते अम्मा. कालवं फोडायला.
सोमवारी शिंपला लागला पायाला. एवढासाच."

एवढासाच.
मॅडमनी माझ्या हातातला फोन घेतला.
"नाव अजून नाही माझ्याकडे,
पण थांबू नका नावासाठी.
डॉक्सी चालू करा, सोबत दुसरं जोरदार,
आणि सर्जनला आत्ता उठवा."
मग माझ्याकडे वळून:
"मीठ घाल त्याला."

चार नळ्या. मीठ शून्य, एक, सहा, आठ टक्के.
तराजूवर मीठ तोलताना
उगाच आईची आठवण झाली, ती चिमटीनं घालायची
आणि कधी चुकायची नाही.

दुसऱ्या दिवशी
शून्याची नळी नितळ, पलीकडचं कॅलेंडर वाचता येईल अशी.
एकची पेजेसारखी दाट.
सहाची जेमतेम गढूळ. आठमध्ये कुणी नाही.
गोड्या पाण्यात जगत नाही, फार खारंही सोसत नाही.
मुचकुंदी जिथे समुद्रात मिसळते
तिथलं पाणी साधारण असंच लागतं जिभेला.
नाव विचारत होतो,
त्याने आधी पत्ता सांगितला.

नाव नंतर आलं. लांबलचक, लॅटिन.
अर्थ म्हणे, जखमा करणारा.
हे काही खरं नाही.
जखम शिंपल्याने केली.
हा दार उघडं दिसलं म्हणून आत शिरला,
आणि आतही त्याला मीठ मिळालं.

हमिदाबीची दोन बोटं गेली. पाय राहिला.
हे मला सिस्टरने जिन्यात सांगितलं.
मी तिला कधी पाहिलं नाही.
तिच्यातलं जे पाहिलं
ते ऑटोक्लेव्हमध्ये, पंधरा पौंडांवर, वीस मिनिटं
शिजवून टाकलं.

संध्याकाळी रजिस्टर उघडलं,
'घरकाम'च्या पुढे एक स्वल्पविराम दिला
आणि लिहिलं: कालवं.
तो रकाना आमचा नव्हे. कारकून ओरडेल.
ओरडू दे.